जपानी स्वप्रकाशित कॉमिक्समध्ये गोथिक डार्क फँटसी एवढी का दिसते? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

नोकरीनिमित्त काही वर्षं टोकियोत, निशी-कासाईला राहत होतो. तिथून आरिआकेचं बिग साइट प्रदर्शन केंद्र फार लांब नाही, आणि या कॉमिक्सचे मेळे तिथे भरतात, त्यामुळे हे वेड लागलं.

दोजिन्शी म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. त्यात प्रौढांसाठीचा माल भरपूर असतो, खोटं कशाला बोला. पण दोजिन म्हणजे समानधर्मी मंडळी, आणि त्यांनी पदरमोड करून छापलेलं ते दोजिन्शी. शब्द मुळात साहित्यिकांचा. १८८५ साली ओझाकी कोयो आणि त्यांच्या मित्रांनी काढलेल्या 'गाराकुता बुन्को'पासून ही परंपरा धरतात. आपल्याकडची साठच्या दशकातली अनियतकालिकं आठवा, जात तीच.

आता गोथिकचं, म्हणजे जुन्या हवेल्या, कबरी, व्हँपायर असल्या अंधाऱ्या अद्भुतकथांचं. कॉमिक मार्केट हा दोजिन्शींचा मेळा २१ डिसेंबर १९७५ रोजी सुरू झाला तेव्हा पुस्तिका काढणारे ३२ गट होते आणि आलेले लोक सातशेच्या आसपास, त्यातही बहुतेक शाळकरी मुली. त्या वयाच्या मुली तेव्हा ज्या कॉमिक्ससाठी जीव टाकत, त्यात मोतो हागिओ या चित्रकर्तीची १९७२ पासून येत असलेली, कधीच मोठ्या न होणाऱ्या व्हँपायर मुलांची मालिका होती. म्हणजे व्हँपायर या घरात मागाहून आलेला पाहुणा नाही, पहिल्या दिवसापासून तो माजघरात बसलाय. २००२ साली एकट्या माणसाने बनवलेला 'तोहो' मालिकेतला कॉम्प्युटर गेम याच बाजारात विकला गेला. त्यात लाल हवेलीत राहणारी एक व्हँपायर पोरगी आहे, आणि तिच्यावर लोक अजून दोजिन्शी काढताहेत.

दुसरं कारण, इथे संपादक नाही. कॉमिक्सच्या मोठ्या साप्ताहिकांत वाचकांच्या पसंतीची मतपत्रिका असते, त्यामुळे अंधारी गोष्टसुद्धा हळूहळू मारामारीकडे सरकते. स्वतःच्या पैशाने छत्तीस पानं काढणाऱ्याला ती चिंता नसते. माझ्याकडे अशी एक ए-फाइव्ह आकाराची पुस्तिका आहे. कव्हर काळं आणि त्यावर काळ्याच चकचकीत शाईत छापलेलं घंटाघर, ते दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसतं. आत एक मुलगी रोज रात्री घंटा वाजवते, मेलेले उठू नयेत म्हणून. गावात दुसरं कोणी दिसत नाही. का, ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. पान पान भरून काळी शाई (तिकडे तिला 'बेता' म्हणतात) आणि मध्ये फक्त दोराचा पांढरा पट्टा. रक्ताचा एक थेंब नाही, तरी मी ती रात्री वाचत नाही.

एक खटकतं तेही सांगतो. क्रूस, नन, कबरी यांच्याकडे बरेच चित्रकार धर्म म्हणून नाही, नक्षी म्हणून बघतात. मग चर्च नुसतं नेपथ्य होऊन बसतं. सीएसएमटीच्या गोथिक इमारतीत रोज लोकल पकडून वाढलेल्या माणसाला कमान चुकलेली लगेच कळते!

सुरुवात कॉमितियापासून करा. १९८४ पासूनच्या या मेळ्यात फक्त स्वतंत्र कथा विकता येतात, दुसऱ्याच्या मालिकेवर बेतलेल्या नाही, त्यामुळे मूळ मालिका माहीत नसली तरी अडत नाही. आपल्या वाट्याच्या अर्ध्या टेबलामागे चित्रकार स्वतः बसलेला असतो. 'मिते मो ई देस का' (बघू का?) एवढं विचारलं की पुस्तिका चाळू देतो. चाळून परत ठेवली तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. सुटे येन मात्र न्या.

भारतात बसून घ्यायचं तर बूथ ही साइट बघा, तिथे बरेच जण पीडीएफही विकतात. शोध जपानी लिपीतच घ्या, 'दाकु फांताजी' (ダークファンタジー) आणि सोबत 'सोसाकु' (創作), म्हणजे स्वतंत्र निर्मिती. आर-१८ असा शिक्का दिसला तर ते प्रौढांसाठीचं. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. भाषा येत नसली तरी पहिली दोन-तीन पुस्तकं नुसती चित्रांवर निघतात, माझी निघाली होती.