खाज नसताना कुत्र्याचे केस जात असतील तर कारण कसे शोधावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. कुत्रा सात वर्षांचा नर लॅब्राडॉर आहे. चार महिन्यांपासून त्याच्या दोन्ही कुशींवरचे, मांड्यांच्या मागचे आणि शेपटीवरचे केस विरळ होत आहेत, पण तो खाजवत नाही. बुरशीचे मलम, औषधी शाम्पू आणि एक इंजेक्शन होऊनही फरक पडलेला नाही. आता रक्ततपासणीत थायरॉइड 'थोडे कमी' आले असल्याने आयुष्यभराच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असा आपल्यासमोर पेच आहे. मी पशुवैद्य नाही, परंतु माझ्या बंड्या या कुत्र्याच्या टकलाचे कारण सापडायला अकरा महिने लागले आणि त्यांतले बरेचसे याच वळणावर वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे केस गेलेला कुत्रा दिसला की 'लूत लागली' असे म्हणून लोक मोकळे होतात आणि कोणी ना कोणी जळके इंजिन ऑइल चोपडायला सांगतो. ते कृपया करू नये. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते. मुळात लूत हा एकच आजार नाही. खरजेचे किडे कानाच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे धरतात, त्यांची खाज कुत्र्याला झोपू देत नाही आणि घरातल्या माणसांच्या हातांवरही पुरळ येऊ शकते. डेमोडेक्स नावाचा किडा मात्र केसाच्या मुळात राहतो आणि सुरुवातीला त्याची खाज जवळजवळ नसते. त्यामुळे खाज नाही म्हणून किडा नाही, असे धरून चालता येत नाही. मोठ्या वयात डेमोडेक्स उसळला, तर त्यामागे प्रतिकारशक्ती खचवणारा दुसरा आजार किंवा स्टेरॉइड असण्याची शक्यता बरीच असते.

म्हणून पहिला प्रश्न क्रमाचा आहे: आधी खाज आली की आधी केस गेले? आधी खाज असेल, तर पिसवा, खरूज, ॲलर्जी, जिवाणूंचा संसर्ग हा एक रस्ता होतो. आधी केस गेले, तेही दोन्ही बाजूंना सारखे, आणि डोके व पाय शाबूत राहिले, तर संप्रेरकांकडे, म्हणजे हार्मोन्सकडे पाहावे लागते. कधीकधी मालकाला खाज दिसतच नाही, कारण कुत्रा ती रात्री, एकटा असताना चाटून भागवतो. यावर एक सोपी परीक्षा आहे. विरळ जागेच्या कडेचे पाच-दहा केस उपटून पांढऱ्या कागदावर भिंगाखाली पाहावेत. चाटून-चावून तुटलेल्या केसाचे टोक बोथट, फाटके दिसते. आपोआप गळणाऱ्या केसाचे टोक निमुळते, अखंड असते. पशुवैद्य हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि केसाचे मूळही तपासतात. पिसवांसाठी शेपटीच्या बुंध्याशी बारीक फणी फिरवून निघालेली काळी कणी ओल्या कागदावर ठेवावी. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते.

दुसरे, पाणी मोजावे. सकाळी भांडे मापाने भरावे, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे आणि असे तीन दिवस करावे. निरोगी कुत्रा साधारणतः वजनाच्या दर किलोमागे 50-60 मिलिलिटर पाणी पितो. तो 100 च्या वर जात असेल, म्हणजे 30 किलोच्या लॅब्राडॉरसाठी दिवसाला 3 लिटरहून जास्त, तर ती नोंद घेऊनच डॉक्टरांकडे जावे. तहान, वारंवार लघवी, हावरटपणा, लोंबलेले पोट, पातळ झालेली कातडी आणि विनाकारण धापा ही लक्षणे एकत्र दिसली, तर कुशिंग आजाराचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याचा संशय घेतात. हाच प्रकार औषधांतल्या स्टेरॉइडमुळेही होतो, आणि ते गोळ्यांतूनच जाते असे नाही. कानाचे थेंब आणि त्वचेची मलमे यांतूनही ते शरीरात जाते. म्हणून गेल्या सहा महिन्यांतली सगळी औषधे, रिकाम्या बाटल्यांसह, पिशवीत घालून न्यावीत.

आता आपल्या मूळ पेचाकडे येतो. टी-फोर, म्हणजे रक्तातल्या थायरॉइड संप्रेरकाचा आकडा, कमी येणे म्हणजे थायरॉइडचा आजार असणे नव्हे. कुत्रा दुसऱ्या कोणत्याही कारणाने आजारी असला तरी हा आकडा उतरतो. स्टेरॉइडमुळे, फिटवरच्या फेनोबार्बिटोनमुळे आणि सल्फा गटातल्या औषधांमुळेही तो उतरतो. आपल्या कुत्र्याला दिलेले 'एक इंजेक्शन' नेमके कोणते होते? ते दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड असेल, तर त्यानंतर काही आठवड्यांत काढलेल्या रक्ताचा टी-फोर विश्वासाचा नाही. खऱ्या थायरॉइडच्या आजारात सहसा फ्री टी-फोरही (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) कमी आणि टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) वाढलेले असते, कोलेस्टेरॉल चढलेले असते, कुत्रा खाणे न वाढताही जड होतो, सुस्तावतो आणि ऊब शोधतो. काही खऱ्या रुग्णांत टीएसएच वाढत नाही, त्यामुळे एका कागदावर निकाल लागत नाही; आकडा आणि कुत्रा दोन्ही जुळावे लागतात.

बंड्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो पांढरा, स्पिट्झच्या वळणाचा, आठ वर्षांचा नर होता. दिवाळीनंतर त्याच्या मांड्यांच्या मागचे केस विरळ झाले, मग दोन्ही कुशींवरून करडी-काळपट कातडी दिसू लागली. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात आधी बुरशी म्हणून मलम मिळाले, मग स्टेरॉइडचे इंजेक्शन, मग टी-फोर कमी आला म्हणून थायरॉइडच्या गोळ्या. त्या मी तीन महिने वेळ न चुकवता दिल्या. केस आले नाहीत. फक्त बंड्या रात्री अस्वस्थ फिरू लागला.

शेवटी ज्या डॉक्टर बाईंकडे गेलो, त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि बंड्याला टेबलावर उभा करून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. पोटाखालची स्तनाग्रे त्यांनी मला बोटाने दाखवली. ती नराच्या मानाने सुजलेली होती आणि लिंगाच्या आवरणाखाली मधोमध एक बारीक लाल रेघ होती. मी रोज त्याला आंघोळ घालत नसलो तरी रोज कुरवाळत होतो, आणि हे कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी विचारले, "दोन्ही वृषणे खाली उतरलेली होती का?" नव्हती. तो दोन महिन्यांचा असतानाच एक उतरलेले नाही हे सांगितले गेले होते, नसबंदी करून टाका असेही सांगितले होते, आणि मी ते विसरलो होतो. त्यांचा पुढचा प्रश्न मला विचित्र वाटला: गल्लीतले नर कुत्रे त्याच्या मागे लागतात का? लागत होते. आम्ही वर्षभर त्यावर घरात हसत होतो.

सोनोग्राफीत पोटात राहून गेलेल्या वृषणाची लिंबाएवढी गाठ दिसली. न उतरलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता कैकपटीने जास्त असते. त्यांतल्या सर्टोली नावाच्या पेशींच्या गाठी इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक तयार करतात, त्याने केसांची वाढ थांबते आणि नराच्या शरीरात मादीची लक्षणे येतात. यातला खरा धोका टकलाचा नाही. इस्ट्रोजेन रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला दाबते, त्यामुळे वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी रक्तपेशी आणि प्लेटलेट मोजणे अत्यावश्यक असते. बंड्याच्या प्लेटलेट थोड्या कमी होत्या, पण शस्त्रक्रिया होण्याजोग्या होत्या.

आपण आपल्या कुत्र्याच्या नसबंदीबद्दल काही लिहिलेले नाही. झालेली नसेल, तर आजच दोन्ही वृषणे हाताने चाचपून पाहावीत. दोन्ही खाली असली तरी एक मोठे-कडक आणि दुसरे बारीक-मऊ झाले आहे का, हे पाहावे, कारण खाली उतरलेल्या वृषणातही अशी गाठ होते.

त्यानंतर माझ्या मते क्रम असा असावा. सर्वांत आधी त्वचेचे खोल खरवडन, दोन-तीन जागांचे, अगदी थोडे रक्त दिसेपर्यंत. ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि दर वेळी हीच राहून जाते. त्याच वेळी चिकटपट्टीने घेतलेला नमुना जिवाणू व यीस्टसाठी पाहून घ्यावा. नायट्याची, म्हणजे बुरशीची शंका असेल तर कल्चरच (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणे) करावे, त्याला दोन-तीन आठवडे लागतात; निळसर दिव्याखाली चमकले नाही म्हणून नायटा नाही असे होत नाही. हे सर्व निर्दोष निघाले की मग संप्रेरके: इंजेक्शनचा परिणाम ओसरल्यावर टी-फोर, फ्री टी-फोर आणि टीएसएच एकत्र, आणि पाण्याचे माप जास्त आले तर कुशिंगची डेक्सामेथासोन चाचणी, ज्यात आठ तासांत तीनदा रक्त घेतात. त्वचेची बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणे, त्यानंतर. गावात ही सोय नसेल, तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर किंवा अकोला येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करावी.

तोवर थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत, असे आपल्या डॉक्टरांशी बोलून पाहावे. एकदा सुरू झाल्या की खरा आकडा कळण्यासाठी त्या कित्येक आठवडे थांबवाव्या लागतात. शिवाय बरोबर उपचार मिळाल्यावरही केस यायला दोन-तीन महिने जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध बदलू नये. शस्त्रक्रियेनंतर बंड्याच्या मांड्यांवर पहिली लव दिसायला दहा आठवडे लागले. गल्लीतल्या नर कुत्र्यांनी मात्र महिन्याभरातच त्याचा नाद सोडला होता.