वाचकांचे प्रश्न : पहिले घर, कर्ज आणि अनुदान

प्रश्न : माझे पती चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाख ४० हजार रुपये आहे. मोशी येथे बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील ३४ लाखांची सदनिका आम्ही पाहिली असून आमच्याजवळ ७ लाखांची शिल्लक आहे. विक्री प्रतिनिधीच्या म्हणण्यानुसार प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख ८० हजार रुपये आम्हाला मिळतील आणि कमी पडणारी रक्कम सोने तारण ठेवून उभी करता येईल. आम्ही काय करावे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : प्रतिनिधीने सांगितलेली अनुदानाची रक्कम बरोबर आहे, पण ती केव्हा मिळते, कोठे जमा होते आणि कोणत्या अटीवर मिळते, हे त्याने सांगितलेले दिसत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान हे वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी आहे, त्यामुळे उत्पन्नाच्या निकषात आपण बसता. मात्र घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावे लागते. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १२ वर्षांच्या मुदतीसाठी, ४ टक्के दराने अनुदान मोजले जाते आणि ते पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होते. याचा अर्थ असा की खरेदीच्या वेळी उभ्या कराव्या लागणाऱ्या पैशांत या अनुदानातला एक रुपयाही धरता येणार नाही.

आता आपला हिशेब मांडून पाहू. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ३४ लाखांवर २ लाख ४ हजार रुपये होतात. नोंदणी शुल्क ३० हजार, आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत सदनिका बसत असल्याने १ टक्का वस्तू व सेवा कर, म्हणजे ३४ हजार. हे एकूण २ लाख ६८ हजार रुपये झाले, आणि बँक साधारणपणे हा खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देत नाही. कर्ज २५ लाखांवर थांबवायचे तर घराचे उरलेले ९ लाख आणि हा खर्च मिळून ११ लाख ६८ हजार रुपये आपल्या खिशातून द्यावे लागतील. आपल्याकडे ७ लाख आहेत. ४ लाख ६८ हजारांची ही तूट सोनेतारण कर्जाने भरून काढायची आणि त्या बदल्यात पाच वर्षांत विभागून १ लाख ८० हजार मिळवायचे, हा व्यवहार मला मुळीच पटत नाही. सोनेतारण कर्जाची मुदत अल्प असते, व्याजदर गृहकर्जाहून बहुधा चढाच असतो, आणि त्याच काळात आपण राहत्या घराचे भाडे आणि नव्या घराचा हप्ता असे दोन्ही भरत असाल. बांधकाम लांबले तर हे दुहेरी ओझेही लांबते.

यापेक्षा अनुदानाचा मोह सोडून २९ लाख ६८ हजारांचे कर्ज घेणे अधिक सरळ आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली असल्याने हे नियमात बसते. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षे धरली तर हप्ता सुमारे २५ हजार ७५० रुपये येईल; २५ लाखांच्या कर्जावर तो सुमारे २१ हजार ७०० रुपये असता. पण या मार्गाने आपली सर्व शिल्लक संपते आणि आजारपणासाठी हाताशी काही उरत नाही, म्हणून मी आधी दोन वाटा तपासायला सांगेन. पहिली म्हणजे पतींचा भविष्य निर्वाह निधी, ज्यातून घरासाठी काढलेली रक्कम परत फेडावी लागत नाही. निवृत्तीच्या पुंजीला हात लावणे मला एरवी आवडत नाही, परंतु दागिने गहाण टाकण्यापेक्षा ते बरे. दुसरी वाट म्हणजे साडेएकोणतीस लाखांच्या आसपासचे घर शोधणे. तेथे आपल्या ७ लाखांत खर्च भागून कर्ज २५ लाखांच्या किंचित आत राहते आणि अनुदानही मिळू शकते.

म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडतही नजरेआड करू नका. मोठ्या खासगी प्रकल्पांतील २० टक्के सदनिका अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखून त्या सोडतीने दिल्या जातात, आणि पुणे महानगर क्षेत्रात ६ ते ९ लाख उत्पन्नाचे कुटुंब अल्प उत्पन्न गटात येते. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा आजच तयार ठेवा. नाव लागले नाही तर अनामत रक्कम परत मिळते. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही, त्यामुळे ‘आत ओळख आहे’ असे सांगणाऱ्याला काहीही देऊ नका.

घर आपल्या एकटीच्या नावावर घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. पती सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी त्यांचे नाव मालक म्हणून असलेच पाहिजे असे नाही. दोघांचे संयुक्त नाव घातल्यास आवास योजनेला ते चालते, पण मुद्रांक शुल्काची सवलत जाते, म्हणजे ३४ लाखांच्या घरावर ३४ हजार रुपये अधिक भरावे लागतात. पती जुन्या करप्रणालीत असतील आणि व्याजावरची वजावट घेणार असतील तर मात्र त्यांची सहमालकी लागते. तेवढे कर सल्लागाराकडून तपासून घ्या.

राहिला कागदपत्रांचा भाग, आणि आपल्या परिसरात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. देहूरोड आणि दिघी येथील लष्करी आस्थापनांभोवतीच्या ‘रेड झोन’मुळे चिखली, तळवडे, भोसरी, दिघी या पट्ट्यातील अनेक जमिनींवर बांधकामाचे निर्बंध आहेत, तर इंद्रायणीकाठी पूररेषेचा प्रश्न आहे. मे २०२५ मध्ये चिखली येथे निळ्या पूररेषेतील (बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यातील) ३६ बंगले महापालिकेने न्यायालयीन आदेशानंतर पाडले. दस्त नोंदवला गेला म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरते, हा समज किती घातक आहे, हे त्या रहिवाशांनी सोसले आहे. म्हणून प्रकल्पाचा गट क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना व बांधकाम परवानगी विभागात स्वतः जा आणि तो रेड झोनमध्ये वा पूररेषेत येतो का, याची लेखी माहिती मागा. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशे, प्रकल्पावरील बोजा, न्यायालयीन दावे आणि पूर्णत्वाची तारीख पाहायला मिळते. बँकेचा वकील बँकेच्या सुरक्षेसाठी शोध अहवाल घेतो. तीस वर्षांच्या मालकीचा शोध आपल्या बाजूने घेणारा स्थानिक वकील आपण वेगळा नेमा. त्याच्या शुल्कात काटकसर करू नका.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या गावी वडिलांचे पक्के घर आहे. त्यांच्या निधनानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आम्हा तिघा भावंडांची नावे वारस म्हणून लागली. मी पुण्यात भाड्याने राहतो. मला आवास योजनेचा लाभ घेता येईल का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर नसावे, अशी योजनेची अट आहे आणि तसे स्वयंघोषणापत्र आपल्याला द्यावे लागते. नमुना ८ हा मुख्यतः कर आकारणीचा उतारा असला तरी आपण वारसाहक्काने त्या घराचे हिस्सेदार आहात, हे वास्तव आहे. ते दडवून सही केल्यास पुढे अनुदानाची वसुली होऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी ही स्थिती बँकेला लेखी कळवा आणि तिचे उत्तरही लेखीच घ्या. काही जण अशा वेळी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याचा सल्ला देतात. भावाने आईवडिलांना सांभाळले म्हणून किंवा आपल्याला खरोखर हिस्सा नको म्हणून तसे करणे योग्यच आहे. पण १ लाख ८० हजारांसाठी वडिलोपार्जित घरावरचा हक्क कायमचा सोडू नका. नोंदवलेले हक्कसोडपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. हिस्सा जपून अनुदानाशिवाय घर घेणे हे आपल्यासाठी अधिक हिताचे आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : बिल्डरने सदनिकेच्या २० टक्के रक्कम आधी भरण्यास सांगितले असून करारनामा ‘दोन महिन्यांनी करू’ असे तो म्हणतो. पावती मिळेल. पैसे द्यावेत का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : देऊ नयेत. रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायद्याच्या) कलम १३ नुसार लेखी विक्री करारनामा करून त्याची नोंदणी केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला स्वीकारता येत नाही. पावतीने पैसे दिल्याचे सिद्ध होते. ताब्याची तारीख, चटई क्षेत्र आणि विलंब झाल्यास मिळणारे व्याज यांबाबतचे आपले हक्क नोंदणीकृत करारनाम्यानेच पक्के होतात. १० टक्क्यांपर्यंतची रक्कमही धनादेशाने किंवा बँकेतून, प्रकल्पाचा महारेरा क्रमांक लिहिलेले वाटपपत्र (सदनिका आपल्याला दिल्याचे विकासकाचे पत्र) घेऊनच द्या, आणि करारनाम्याचा मसुदा सही करण्यापूर्वी घरी आणून वकिलाला दाखवा. विकासक मसुदा द्यायला तयार नसेल, तर दिलेले पैसे लेखी पत्राने परत मागा आणि दुसरा प्रकल्प पाहा.