फिजिओथेरपी झाली आहे, गणित सुटून सहा वर्षं झालीत. मोटर न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू हालचाल कशी घडवतो या विषयात, मास्टर्स जमेल का? नंतर रुग्णांकडे परत येता येतं का?

गणित न करता जमेल का, असं विचारायचं असेल तर नाही जमणार. मी स्वतः फिजिओ आहे, गणितात यथातथाच होते, आणि त्यापायी माझं एक वर्ष गेलंय.

आमच्या लॅबमध्ये पक्षाघाताचे रुग्ण खुर्चीत बसून रोबोचा दांडा धरायचे आणि समोरच्या खुणेपर्यंत न्यायचे. १९९४ साली शादमेहर आणि मुसा-इवाल्डी या संशोधकांनी असाच दांडा वापरून दाखवलं होतं की यंत्राने आडवा रेटा दिला तर हात आधी वाकडा जातो, सरावाने सरळ होतो, आणि रेटा अचानक काढला की उलट्या बाजूला वाकडा जातो. म्हणजे मेंदू रेट्याचा अंदाज आधीच बांधून बसलेला असतो. तेव्हापासून या क्षेत्रात दांड्याला देव्हाऱ्यात बसवलंय.

आमचा एक सहकारी, इंजिनिअर, एका आजोबांचे आलेख घेऊन नाचत होता. हाताचा मार्ग सरळ, वेळ कमी, चूक कमी. मी आलेख सोडून आजोबांकडे बघत होते. दहाव्या सत्रातही त्यांचं कोपर पहिल्या दिवसाइतकंच आखडलेलं. ते कमरेतून वाकून अख्खं धड पुढे नेत होते. छातीवरचा पट्टा सैल होता, त्यामुळे दर खेपेला पाठ खुर्चीपासून सुटायची आणि शर्ट मागून वर सरकायचा. मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तर उत्तर आलं, "हे तुझं निरीक्षण झालं. आकडा कुठाय?"

आकडा होता हो! छातीवरच्या मार्करची, म्हणजे हालचाल टिपण्यासाठी लावलेल्या खुणेची, नोंद प्रत्येक सत्रात होत होती, फक्त तो रकाना कुणी उघडला नव्हता. आणि मला उघडता येत नव्हता. तीन मार्करांवरून सांध्याचा कोन कसा काढायचा, मॅट्रिक्स कशी फिरवायची, फिल्टर कुठे लावायचा, कशाचाच पत्ता नाही. ते शिकेपर्यंत वर्ष उलटलं. निघालं ते असं: धडाची हालचाल जवळपास दुप्पट, कोपर तिथल्या तिथे. तोवर "सुधारणा" परिषदेत सादरही होऊन गेली होती.

१९२० च्या दशकात मॉस्कोत बर्नस्टाइन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं, तेव्हाच दिसलं होतं की हातोड्याचं टोक दर घावाला जवळपास त्याच वाटेने जातं, पण सांधे दर वेळी थोडे निराळे वळतात. म्हणजे नुसत्या टोकाकडे बघून कुठल्या सांध्याने काम केलं ते कळत नाही. गंमत म्हणजे हा प्रयोग त्याच इंजिनिअरच्या पहिल्या स्लाइडवर होता.

तेव्हा अर्ज करण्याआधी सहा महिने लिनिअर अल्जिब्रा, थोडं संख्याशास्त्र आणि पायथन किंवा मॅटलॅब. ईएमजीची, म्हणजे स्नायूंचे विद्युत संकेत टिपण्याची, भीती नको. इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट घासायची हे तुम्हाला इंजिनिअरांपेक्षा चांगलं येईल. गाइड निवडताना मात्र एवढं जरूर विचारा, की तुम्ही शेवटचा रुग्ण कधी तपासलात? आणि माझ्या हातात असतं तर प्रत्येक इंजिनिअरला सहा महिने ओपीडीत बसवलं असतं, रुग्णांच्या पायाची ताणाने आत वळणारी बोटं स्वतःच्या हाताने सरळ करायला लावली असती.

परत येता येतं. मी आले.

माझा अनुभव हाताच्या हालचालींपुरता आहे, हेही सांगते. टीएमएसमध्ये, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजण्याच्या कामात, सुरुवातीला एवढं गणित लागत नाही. माझा पहिला चालणारा कोड त्या इंजिनिअरच्याच कोडवर उभा होता, रात्री दहापर्यंत बसून त्यानेच शिकवला. आणि पट्टा सैल केला होता तो मीच. आजोबांना काचत होता.