रांगणाऱ्या बाळासाठी मॅट निवडताना आधी घराची जमीन पाहा

तुमचे बाळ पाच महिन्यांचे असून नुकतेच पालथे पडू लागले आहे, घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, बैठकीची खोली लहान आहे आणि तिथूनच सगळ्यांची ये-जा असते. अशा घरात जोडतुकड्यांची फोमची मॅट घ्यावी, घडीची घ्यावी की गुंडाळून ठेवता येणारी, असे तुम्ही विचारले आहे. चित्रे आणि रंग पाहण्याआधी आपली जमीन आणि खोली नीट पाहावी, असे माझे ठाम मत आहे, कारण एका घरात उत्तम ठरलेली मॅट दुसऱ्या घरात अडचणीची होऊ शकते.

गुळगुळीत टाइल्सवर पहिला प्रश्न असतो तो मॅट सरकण्याचा. बाळ पायाच्या बोटांनी रेटा देऊ लागले की हलकी मॅट त्याच्याबरोबर पुढे जाते, आणि बाळाला कडेवर घेऊन चालणाऱ्या माणसाचा पाय त्याच मॅटवरून घसरू शकतो. म्हणून खालचा पृष्ठभाग पकड घेणारा आहे का, हे आवर्जून तपासावे. जमीन विनाइलची असेल, तर रबराचा तळ टाळावा, कारण त्याचे डाग विनाइलवर कायमचे उमटू शकतात. फोममधून ओल वर येत नाही, ती खालीच कोंडते आणि बुरशी धरते. तेव्हा जमिनीला ओल येत असेल, तर मॅट वरचेवर उचलून दोन्ही बाजू कोरड्या करण्याची तयारी हवी.

जितकी जाड तितकी सुरक्षित, हा समज मला अर्धवट वाटतो. पालथ्या पडलेल्या बाळाला मान उचलायला आणि हातांवर भार घ्यायला घट्ट आधार लागतो. अतिमऊ मॅटमध्ये कोपर आणि गुडघे रुततात, आणि पुढे उभे राहताना पाऊल डळमळते. अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर खालची जमीन जाणवत असेल, तर ती मॅट फार विरळ आहे. पालथे पडणे आणि रांगणे यांसाठी दीड सेंटिमीटरच्या आसपासची घट्ट मॅट पुरते. बाळ धरून उभे राहू लागले आणि वारंवार मागे पडू लागले, की कडक फरशीवर दोन सेंटिमीटर किंवा थोडी अधिक जाडी उपयोगी पडते. मात्र जाडीबरोबर कडेची उंचीही वाढते, तिथे ठेच लागते आणि दारही अडते. म्हणून दाराखालची फट मोजल्याशिवाय जाडी ठरवू नये. पलंगावरून किंवा सोफ्यावरून पडणाऱ्या बाळाला कोणतीही मॅट भरवशाने वाचवू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता साहित्याविषयी. जोडतुकड्यांच्या मॅट बहुधा ईव्हीए नावाच्या रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या फोमच्या असतात. या फोममधील फॉर्मामाइड या रसायनामुळे बेल्जियमने 2010 मध्ये अशा मॅटवर बंदी घातली आणि पुढे युरोपीय संघाने खेळण्यांच्या फोममधून हवेत येणाऱ्या फॉर्मामाइडवर मर्यादा घातली. पीव्हीसीच्या मॅटबाबत काळजी असते ती थॅलेट्सची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांची. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांतील काही थॅलेट्सवर 0.1 टक्क्याची मर्यादा आणली. म्हणून वेष्टनावर नुसते ‘बिनविषारी’ लिहिलेले पाहून समाधान मानू नये. कोणत्या मानकानुसार तपासणी झाली, हे विक्रेत्याला विचारावे. नवी मॅट खेळती हवा असलेल्या जागी काही दिवस उघडी ठेवावी आणि तरीही उग्र वास राहिला, तर ती सरळ परत करावी.

जोडतुकड्यांचा मोठा गुण म्हणजे वेड्यावाकड्या खोलीतही ते बसतात आणि खराब झालेला एकच तुकडा बदलता येतो. परंतु सांध्यांत सांडलेले पाणी आणि कचरा साचतो, तसेच सुटी निघणारी अक्षरे व बारीक कडा बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. दात येणाऱ्या बाळासाठी अशा मॅट मी सुचवणार नाही. शिवलेले आवरण असलेल्या घडीच्या मॅटमध्ये शिवण आणि चेन पाहावी, कारण तिथूनच द्रव आत शिरतो.

तुमच्या वर्णनावरून घडी होणारी, शिवलेले आवरण नसलेली, एक्सपीई (पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या) फोमची, दीड ते दोन सेंटिमीटरची मॅट मला योग्य वाटते. तिला शिवण नसते, ती ओल्या फडक्याने पुसता येते आणि ये-जा वाढली की उचलून भिंतीला लावता येते. तिला थेट उन्हात ठेवू नये आणि तिच्यावर जड फर्निचरचे पाय येऊ देऊ नयेत. बाळ मॅटवरच झोपी गेले, तर त्याला उचलून त्याच्या सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवावे.

मागणी नोंदवण्यापूर्वी मॅटच्या मापाची चादर जमिनीवर अंथरून एक दिवस पाहा: दार पूर्ण उघडते का, आणि माणसांना चादरीवर पाय न देता बाजूने जाता येते का. जाता येत नसेल, तर एक माप लहान घ्या.