नाशिकजवळ हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके कुठे पाहावीत?

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर अभयारण्यात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ झालेला हा जलाशय २०२० साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला; महाराष्ट्रातील असा तो पहिलाच. डिसेंबर-जानेवारीत चापडगावच्या बाजूने, शक्यतो सूर्योदयालाच पोहोचावे. तलवार बदक आणि चक्रवाक सहज ओळखू येतात, पण थापट्या बदकाकडे निवांत पाहावे: पसरट चोच पाण्यावर टेकवून, ती डावीउजवीकडे फिरवत तो पुढे सरकतो आणि चोचीच्या कडांवरील कंगव्यासारख्या दातऱ्यांतून पाणी गाळून बारीक जीव व बिया टिपतो. दुर्बीण हवीच. छायाचित्रासाठी थवा मात्र कृपया उडवू नये, कारण परतीच्या लांब प्रवासासाठी साठवायची चरबी त्यात विनाकारण खर्ची पडते.