दालचिनीच्या सालीचा आणि पानाचा वास वेगळा का येतो? झाड तर एकच ना?

झाड एकच, पण प्रत्येक भागात तेल वेगळं तयार होतं. सालीच्या तेलात मेन असतं सिनामाल्डिहाइड, साधारण 60 ते 75 टक्के, तोच तो गोडसर तिखट वास. पान चुरगाळून बघा, लवंगेसारखा वास येईल कारण त्याच्या तेलात 70-80 टक्क्यांच्या आसपास युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर जो वास येतो ना तो पण ह्याचाच. आणि मुळाच्या सालीत चक्क कापूर!

गंमत म्हणजे पहिली दोन्ही फिनाइलअ‍ॅलानिन ह्या एकाच अमिनो आम्लापासून बनतात, पुढे कुठल्या भागात कुठली एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) जास्त काम करतात त्यावर माल बदलतो. कापराचा रस्ताच वेगळा, तो टर्पीन गटातला (वनस्पतींच्या वासाच्या द्रव्यांचं एक मोठं कुटुंब), म्हणजे वास कितीही असला तरी केमिस्ट्रीच्या भाषेत 'अ‍ॅरोमॅटिक' नाहीच कारण बेंझीनची रिंग (सहा कार्बन अणूंचं खास कडं) नाही त्यात.

कोकणात हीच पानं मसाल्यात तमालपत्र म्हणून सर्रास घालतात, चालतं, पण खरं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, हिमालयाकडचं. आणि तेल विकत घेताना बाटलीवर सालीचं आहे की पानाचं ते नक्की बघा, पानाचं बरंच स्वस्त असतं. सालीचं तेल डायरेक्ट त्वचेला लावू नका, जाम जळजळतं.