पायऱ्या भरल्या, तरी मुलगा वर का चढत नाही?

तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार पालकांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत लिहिलेले असूनही नेमके आहे. मुलाला दहावीत ९१ टक्के गुण होते. आता तो बारावी विज्ञान शाखेत असून सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहतो आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासला जातो. सराव चाचण्यांत त्याचे गुण ७२० पैकी ३०० च्या आसपास अडकले आहेत. ६०० गुण मिळाले तर मोटारसायकल देण्याचा शब्द आपण दिला आणि त्याला दोन व्याख्यानांनाही पाठवले, पण त्यातून आलेला उत्साह चार दिवसांच्या पुढे टिकला नाही. व्याख्यात्याने पडद्यावर दाखवलेला मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण आपल्या मनात राहिला आणि म्हणून आपण विचारता, ‘जेवण, खोली, फी, काही कमी पडू दिले नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या आम्ही भरून दिल्या, मग हा वर का चढत नाही?’

आपल्या प्रश्नाचा पाया त्या त्रिकोणात आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मानवी प्रेरणेवर जो लेख लिहिला, त्यात शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा आणि आत्मवास्तविकीकरण, म्हणजे अंगी जे आहे ते पूर्णत्वाला नेणे, असा क्रम मांडला. त्रिकोणाचे चित्र मात्र त्यात नव्हते, ते नंतर इतरांनी काढले. एक पायरी शंभर टक्के भरली की माणूस दुसरीवर पाऊल ठेवतो, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतील, तर सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि शेवटची गरज १० टक्के भागलेली असेल, असे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आकडे त्यांनी दिले होते. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या भागत असतात. पुढे १९७६ मध्ये या सिद्धांताच्या तपासण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्या ठरावीक क्रमाला फारसा आधार सापडला नाही.

आपल्या भागात तर याचे उदाहरण शोधावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि कष्ट करून शिकत. त्यांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. तेथे खालची पायरी भरलेली नव्हतीच, तरी मुले शिकली, कारण आपण येथे कोणाचे तरी आहोत आणि आपल्या हातून काही होते आहे, या दोन गोष्टी त्यांना मिळत होत्या.

खोली, मेस आणि फी यांचे महत्त्व मी कमी करत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते व हिशेबनीसांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असली की माणूस नाराज होतो, परंतु त्या चांगल्या असल्या म्हणून तो कामात रमत नाही. रमण्यासाठी यश, जबाबदारी आणि कामातला रस लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले, पण मुलाच्या बाबतीत तो विचार करण्याजोगा आहे. आपल्याला बागेतले उदाहरण अधिक पटेल. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार झाला नसेल, तर ऑक्टोबर छाटणीनंतर खताचा कितीही मारा केला तरी तो बाहेर येत नाही.

आता मोटारसायकलीकडे येतो, कारण आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते शेवटी सहज लिहिलेले एक वाक्य. नववीत असताना हा मुलगा डाऊनी (द्राक्षावरचा केवडा रोग) पडलेली पाने शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि फवारणीच्या नोंदी स्वतःच्या वहीत ठेवायचा, असे आपण लिहिले आहे. त्यासाठी त्याला कोणी काही कबूल केले नव्हते. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर बक्षीस’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता अचानक बक्षीस दिले आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळे सोडले, तेव्हा आधी बक्षीस कबूल केलेली मुलेच चित्रांकडे कमी वळली; अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड उणावली नव्हती. बक्षीस नेहमीच वाईट, असा याचा अर्थ नाही. कंटाळवाण्या कामाला ते हातभार लावते, परंतु जिथे आवड आधीच आहे तिथे आधी ठरवलेला सौदा ती आवड झाकून टाकू शकतो. आपल्या मुलाचे नेमके असेच झाले, असे एका पत्रावरून मी ठामपणे म्हणणार नाही. शंका मात्र घेतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलेल्या स्वयंनिर्णय सिद्धांतात तीन मानसिक गरजा सांगितल्या आहेत: निर्णय आपला असणे, आपल्याला जमते आहे असे जाणवणे आणि जवळच्या माणसांशी जोडलेले असणे. या तिन्हींच्या कसोटीवर आपले पत्र पुन्हा वाचून पाहावे. वैद्यकीय शाखा कोणी निवडली, ते पत्रात नाही. क्लासमध्ये दर रविवारी चाचणी होते आणि गुणांनुसार तुकडी बदलते, म्हणजे जमत नसल्याची जाणीव त्याला दर आठवड्याला करून दिली जाते. आणि रोज रात्रीच्या फोनवर ‘किती पडले?’ हाच पहिला प्रश्न असतो, असे आपणच प्रांजळपणे लिहिले आहे.

३०० वर असलेल्या मुलापुढे ६०० चे लक्ष्य ठेवणे हीदेखील चूकच होती, हे स्पष्ट लिहितो. डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या संशोधनात, खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात, काही करून दाखवण्याची ओढ असलेली माणसे फार जवळून किंवा फार लांबून नव्हे, तर बेताच्या अंतरावरून कडी फेकतात, असे आढळले. याच मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन ही ओढ वाढवता येते, हे दाखवण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा पुढच्या महिन्यात जीवशास्त्रात २० गुण वाढवायचे की भौतिकशास्त्राची दोन प्रकरणे पक्की करायची, हे मुलाला ठरवू द्यावे.

मोटारसायकलीचा शब्द मोडू नये, पण गुणांपासून तो वेगळा करावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, परवाना मिळाल्यावर आणि घरात गरज असेल तेव्हा गाडी घेऊ, एवढेच सांगावे. नंतर दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला की बागेत त्याच्यासोबत फिरताना वैद्यकीय शाखा त्याला स्वतःला हवी आहे का, हे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. ज्या मुलाने डाऊनीच्या नोंदी ठेवल्या, त्याच्यासाठी कृषी पदवीचा मार्ग दुय्यम नाही. तो प्रवेश राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो, त्यामुळे नीटची तयारी न सोडता हा पर्याय उघडा ठेवता येतो. वनस्पतिरोगशास्त्राचे उच्च शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे आणि द्राक्षांवरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरी येथे आहे. त्याला डॉक्टरच व्हायचे असेल, तर तेही आता त्याच्या तोंडून ऐकलेले बरे.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नये. त्याची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगण्याविषयी तो निराशेने बोलत असेल, तर हा प्रेरणेचा प्रश्न नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याही मोबाइलमध्ये असू द्यावा.

मुलाला माझ्याकडे घेऊन येण्याविषयी आपण विचारले आहे. त्याला यावेसे वाटले तर त्याने स्वतः फोन करून वेळ ठरवावी. पहिल्या भेटीला तो एकटा आला तरी चालेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक, सांगली